गाडगेबाबांची काठी कुणाच्या पाठीत बसायची? दारूनं बाप गमावलेल्या पोराची गोष्ट

आमच्या सोसायटीत एक पोरगा आहे. वय बावीस. गेल्या वर्षी कळलं की तो एमडी घेतो. बापानं आधी समजावलं, मग दोन थोबाडीत दिल्या, मग गाडीची चावी आणि मोबाईल काढून घेतला. तरी फरक पडेना म्हटल्यावर एका रात्री त्याच्या कपड्यांची बॅग दाराबाहेर ठेवली आणि आतून कडी लावली. दुसऱ्या दिवसापासून आई बापाच्या चोरून त्याला डबा पोचवायला लागली.

आता सोसायटीत दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते, बापाचं बरोबर आहे, पोरगं ठेच लागल्याशिवाय शिकत नाही. दुसरी म्हणते, घरानंच दार लावलं तर पोरानं जायचं कुठं? व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून एकदा इतकं वाजलं की ॲडमिननं ग्रुपच बंद करून ठेवला.

हा वाद फक्त आमच्या बिल्डिंगचा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना पकडला. जवळपास ३०० कोटींचा माल असल्याचं पोलिसांनी सांगितलं आणि अख्खं नाशिक हादरलं. मोर्चे निघाले, आरोप-प्रत्यारोप झाले. पण ज्या घरात पोरगं आधीच अडकलंय, त्या घरानं नेमकं काय करायचं, प्रेमानं घ्यायचं की कडक व्हायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

आता तुम्ही म्हणाल यात गाडगेबाबा कुठून आले?

तर झालं असं की, २३ फेब्रुवारीला गाडगेबाबांची जयंती असते आणि दरवर्षी आम्हा वेबसाईटवाल्यांना त्यावर काहीतरी लिहावं लागतं. झाडू, खापर, स्वच्छता अभियान, संपली पोस्ट. यावेळी म्हटलं जरा नीट वाचू, म्हणून प्रबोधनकार ठाकऱ्यांनी बाबांच्या हयातीतच, १९५२ साली लिहिलेलं चरित्र उघडलं. आणि अगदी सुरुवातीलाच बाबांचे वडील भेटले. झिंगराजी. या माणसाचं नाव आपण शाळेत एका ओळीत वाचलेलं असतं आणि पुढं गेलेलो असतो. पण या गोष्टीतला व्यसनात अडकलेला पहिला माणूस तोच आहे.

दारू बाटलीतून नाही, देवघरातून आली

अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. इथं परीट समाजातल्या झिंगराजी जानोरकर आणि सखुबाई यांच्या पोटी २३ फेब्रुवारी १८७६ ला मुलगा झाला. नाव ठेवलं डेबू. शेंडगाव तेव्हा अगदी लहानसं खेडं. घरची परिस्थिती खाऊनपिऊन बरी.

झिंगराजी काही जन्माचे दारुडे नव्हते. त्या काळात अनेक जातींत देवकार्य म्हटलं की बोकड आणि दारू आलीच. देवाला दाखवायची आणि प्रसाद म्हणून सगळ्यांनी घ्यायची. बारसं असो, लग्न असो की तेरावं, भाऊबंदांना पाजली नाही तर नाक कापलं जायचं. जो घेत नाही त्याला आग्रह, आग्रहानं ऐकलं नाही तर टोमणे, आणि टोमण्यांनीही ऐकलं नाही तर तू आमच्यातला नाहीस. या वाटेनं झिंगराजी दारूला लागले. आधी कार्यापुरती, मग कारणापुरती, मग कारण नसतानाही.

आज कॉलेजच्या पोराला पहिल्यांदा पावडर कशी मिळते हे विचारून बघा. बहुतेक वेळा कोपऱ्यावरच्या अनोळखी माणसाकडून नाही, मित्राच्या वाढदिवसाला मित्राकडूनच मिळते. देवघराच्या जागी पार्टी आली, बाकी आग्रह तोच आहे.

पुढं व्हायचं तेच झालं. शेतीकडं दुर्लक्ष झालं, घरातलं एकेक जात राहिलं, शरीर पोखरलं गेलं. सखुबाईनं रडून-भांडून बघितलं असणार. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या विदर्भातल्या खेड्यात नवऱ्याची दारू सोडवण्यासाठी बाईच्या हातात होतं तरी काय? १८८४ मध्ये झिंगराजी गेले. डेबू तेव्हा आठ वर्षांचा होता. शेवटच्या दिवसांत झिंगराजींना पस्तावा झाला आणि पोराला या बोकड-दारूच्या देवांपासून लांब ठेव असं त्यांनी सखुबाईला सांगितलं, असं चरित्रांमध्ये येतं.

मला ही गोष्ट वाचताना एक जाणवलं. ज्या भाऊबंदांनी पाजली, त्यांच्यातल्या कुणालाही झिंगराजी का गेले याचा जाब कुणी विचारला नाही. शिक्षा झाली ती बायकोला आणि पोराला. दोघांना गाव सोडावं लागलं.

डेबूलाही नाद लागला, पण भजनाचा

सखुबाई डेबूला घेऊन माहेरी आली. मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे. आजोबा हंबीरराव, मामा चंद्रभान. डेबू गुरं राखायला लागला. पुढं शेतीत इतका तयार झाला की त्याच्यासारखा नांगर धरणारा पंचक्रोशीत नाही असं बोललं जायचं. शाळेचं तोंड मात्र त्यानं बघितलं नाही.

दिवसभर राबून संध्याकाळी गुराखी पोरं जमायची आणि भजन म्हणायची. डेबू त्यात रमला. जातीपातीचा विचार न करता सगळ्यांच्या पंगतीला बसायचा, त्यावरून बोलणीही खायचा. बापाची संध्याकाळ जिथं गुत्त्यावर गेली, तिथं पोराची संध्याकाळ टाळ कुटण्यात गेली. व्यसनावर काम करणारी माणसं आज सांगतात की नुसतं सोडायला लावून भागत नाही, सुटलेल्या जागी काहीतरी भरावं लागतं. मराठीत आपण दोन्हीला नादच म्हणतो, हे मला फार आवडतं.

१८९२ मध्ये डेबूचं कुंताबाईंशी लग्न झालं. दरम्यान मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. कागदावर काय लिहिलंय हे वाचता येत नव्हतं, अंगठा उमटवला आणि फसले. मामा त्या धक्क्यातून उठले नाहीत. जमिनीचा ताबा घ्यायला सावकाराची माणसं आली तेव्हा डेबू नांगर धरून उभा राहिला, हटला नाही. म्हणजे हा माणूस मुळात मवाळ नव्हता. अंगात रग होती. पुढं ही रग त्यानं कुणावर काढली आणि कुणावर नाही, तीच खरी गोष्ट आहे.

बारशाचे लाडू

डेबूला पहिली मुलगी झाली. बारशाला जातगोत जमलं. रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण हवं होतं. डेबूनं पानात वाढले लाडू. गोडाधोडाचं जेवण, आणि दारूचा थेंब नाही.

आज वाचायला हे सोपं वाटतं. पण तेव्हा जातीचा रिवाज मोडणं म्हणजे वाळीत पडणं, आणि वाळीत पडणं म्हणजे पोरीचं लग्न न होणं, मयताला चार खांदे न मिळणं. पाहुणे भडकले. काही जण पानावरून उठायच्या तयारीत होते. डेबू ऐकला नाही.

इथं त्यानं काय केलं ते नीट बघा. त्यानं एकाही दारुड्याला पंगतीतून उठवलं नाही. पिणाऱ्यांना बोलवायचंच नाही असंही केलं नाही. सगळ्यांना बोलावलं, पोटभर जेवू घातलं, फक्त दारू ठेवली नाही. कडकपणा होता, पण तो रिवाजाच्या बाबतीत. आणि त्या कडकपणाची किंमत दुसऱ्या कुणाला द्यायला न लावता त्यानं स्वतःच्या घरावर घेतली.

नाशकात राहून मी हे लिहितोय, म्हणजे देशाच्या वाइन राजधानीत. आमच्याकडं द्राक्षाचं जे काही होतं त्याचं कौतुकही आहे आणि त्यावर पोटंही चालतात, त्यामुळं मी कुणाला शहाणपण शिकवणार नाही. पण मित्राच्या हळदीत एखाद्यानं नको म्हटलं तर त्याला काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते आठवून बघा.

काठी आणि खापर

१ फेब्रुवारी १९०५. वय २८. डेबूनं घर सोडलं. आई, बायको, लेकरं मागं ठेवून. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मडक्याचं खापर. त्या गाडग्यावरूनच लोक त्याला गाडगेबाबा म्हणायला लागले.

पुढची बारा वर्षं तो भटकला. गावात शिरला की आधी झाडू हातात घ्यायचा. नाल्या साफ करायचा, उकिरडे उपसायचा. भाकरी मागायची तर फुकट नाही, आधी त्या घरचं काहीतरी काम करायचं, लाकडं फोडायची, अंगण झाडायचं. मग खापरात भाकरी आणि चटणी. संध्याकाळी कीर्तन.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी झाडू, मग शब्द. दिवसभर ज्याला आपल्या दारातली घाण काढताना बघितलंय, तो रात्री दारू सोडा म्हणाला तर ऐकून घ्यावंसं वाटतं. आपल्याकडं नेमकं उलटं असतं. पोराशी सहा महिने धड बोललेलो नसतो, आणि व्यसन कळल्यावर पहिलं वाक्य उपदेशाचं असतं.

बाबांची कीर्तनं म्हणजे प्रवचन नव्हे. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्यांना प्रश्न विचारायचे, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे. कर्ज काढून सण करायचा का? नवसाला बोकड कापायचं का? दारू प्यायची का? पोराला शाळेत घालायचं की नाही? हजारो माणसं एका आवाजात होय-नाही म्हणायची. मध्येच हशा पिकायचा. अडाणी माणसाला कुणीतरी पहिल्यांदा त्याचं मत विचारत होतं. व्यसन सोडवण्याच्या आजच्या समुपदेशनात माणसाच्या तोंडूनच त्याची कारणं काढून घेण्याची एक पद्धत शिकवतात. बाबा ते वाळवंटात, कंदिलाच्या उजेडात करत होते.

आणि काठी? ती नुसती शोभेला नव्हती. पाया पडायला वाकलेल्या माणसाच्या पाठीत ती बसायची. कुणी शेटजी हार घेऊन आला की त्याला बाबांचं तोंड सोसावं लागायचं. पुजारी, बडवे, अंगारे-धुपारे विकणारे, सावकार, यांच्यावर कीर्तनात कोरडे ओढले जायचे. स्वयंसेवकांनी कामात कुचराई केली तर त्यांचीही गय नसायची. पण महारोगी दिसला की हाच माणूस त्याला स्वतःच्या हातानं आंघोळ घालायचा, जखमा धुवायचा, जेवू घालायचा. त्या काळात महारोग्याची सावलीही लोक टाळायचे. अमरावतीजवळ शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये महारोग्यांसाठी तपोवन उभं केलं, तेव्हा बाबांचा त्या कामाशी जिव्हाळा होता.

म्हणजे काठी वर बसलेल्यांसाठी होती, पडलेल्यासाठी हात होता. आपण याच्या बरोब्बर उलटं करतो असं मला वाटतं. पाजणाऱ्या मित्राला, विकणाऱ्याला, पार्टीत आग्रह करणाऱ्या काकांना आपण काही बोलत नाही. सगळी काठी त्या एका पोराच्या पाठीत.

टफ लव्हचं पुढं काय झालं?

थोडं विषयांतर करतो, पण ते गरजेचं आहे. व्यसनी माणसाला कठोरपणानंच सुधारायचं हा विचार अमेरिकेत एका टप्प्यावर फार गाजला. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात सिनॅनॉन नावाची संस्था निघाली. तिथं व्यसनी लोकांना वर्तुळात बसवून एकमेकांवर तोंडसुख घ्यायला लावायचे, माणूस मोडेपर्यंत त्याला अपमानित करायचे. सुरुवातीला मोठा बोलबाला झाला, हॉलिवूडवाले भेटी द्यायला लागले. पुढं ती संस्था पंथासारखी झाली. १९७८ मध्ये त्यांच्याविरुद्ध केस लढणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत त्यांच्या माणसांनी जिवंत रॅटलस्नेक सोडला. वकील मरता मरता वाचला. शेवटी १९९१ मध्ये संस्था बंद पडली. मात्र तिच्या पद्धती उचलून पोरांसाठी कितीतरी कडक छावण्या निघाल्या आणि त्यांतून मारहाणीच्या तक्रारी येत राहिल्या.

आपल्याकडं दुसरी वाट निघाली. १९८० च्या दशकात पुण्या-मुंबईत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर आली आणि चांगल्या घरातली पोरं बघता बघता संपायला लागली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्यात मुक्तांगण सुरू झालं. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट या त्यामागचा कणा. मारायचं नाही, कोंडायचं नाही, माणूस आजारी आहे असं धरून चालायचं. पण शिस्त कडक. वेळ म्हणजे वेळ, काम म्हणजे काम. तिथून बरे झालेले कितीतरी जण तिथंच समुपदेशक झाले.

आता तर कायदाही याच बाजूनं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या व्यसनाशी जोडलेल्या अवस्था मानसिक आजारांत धरल्यात, आणि रुग्णाला साखळीनं बांधणं बेकायदा आहे. आणि एक गोष्ट प्रत्येक घराला माहीत हवी. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम दारू तोडली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते काम डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, १४४४६.

घरच्यांनी मोजलेली किंमत

परत बाबांकडं येऊ. कारण इथपर्यंत वाचून वाटेल की बाबांनी सगळं गणित सोडवलं होतं. तसं नाही.

बाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर गोळा व्हायचे. पण त्यातल्या एका पैशाला घरच्यांनी हात लावायचा नाही असा नियम होता. कुंताबाई झोपडीत राहिल्या. बाबांच्या धर्मशाळांमधला आराम त्यांच्या वाट्याला आला नाही. १९२३ मध्ये मुलगा गोविंद कुत्रा चावल्यानं गेला. बातमी पोचली तेव्हा बाबा दूर कोकणात कीर्तनात होते. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही असं सांगतात.

लोक ही गोष्ट वैराग्याचं उदाहरण म्हणून सांगतात. मला ती वाचून पोटात कालवलं. कुंताबाईंना त्या रात्री काय वाटलं असेल, हे मला कुठल्याच चरित्रात सापडलं नाही. बापाच्या दारूनं एक घर उघड्यावर पडलं आणि पोराच्या संतपणानं दुसरं, असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडायला जाणार नाही. अख्ख्या महाराष्ट्रातल्या पडलेल्यांना हात देणारा माणूस घरच्यांच्या बाबतीत कठोर राहिला. तेव्हा बाबांसारखं वागा, असं मी आमच्या सोसायटीतल्या त्या बापाला सांगू शकत नाही. त्याला घर सोडून जायचं नाहीये. त्याला ते वाचवायचंय.

मग त्या बापानं बाबांकडून घ्यायचं काय? मला वाटतं, उत्तर धर्मशाळेत आहे.

धर्मशाळेचं दार

पंढरपूरच्या वाळवंटात दलित वारकऱ्यांना टेकायला जागा नाही हे बघून बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सोय केली, कारण पेशंट आत आणि घरचे फूटपाथवर हे त्यांना बघवलं नाही. आजारी माणसाइतकंच त्याच्यासोबत आलेल्याला सांभाळावं लागतं, ही गोष्ट तेव्हा किती जणांच्या डोक्यात आली असेल? व्यसनी पोराच्या आईला आजही कुणी विचारत नाही की बाई, तू जेवलीस का.

नाशकात गोदाकाठी बाबांची धर्मशाळा आहे. सिंहस्थाला, यात्रेला येणाऱ्या गरिबांसाठी बांधलेली. आंधळ्या-पांगळ्यांना तिथं अन्नदान व्हायचं. बाबांच्या धर्मशाळांची रीत अशी की येणाऱ्याला जात विचारायची नाही. पण आत आल्यावर स्वच्छता पाळायची, दंगा करायचा नाही. आत येण्यासाठी अट नाही, आत राहण्यासाठी नियम आहेत. आणि देणं होतं ते अन्नाचं, आसऱ्याचं. धट्ट्याकट्ट्या माणसानं काम करून खावं हा त्यांचा आग्रह होता, आणि तो त्यांनी आधी स्वतःला लावला होता.

आमच्या सोसायटीच्या वादाकडं मी आता असं बघतो. आई डबा पोचवते ते चूक नाही. तिनं डब्यात पाचशेची नोट ठेवली तर चूक. बापानं घरातून पैसे मिळणार नाहीत म्हणून सांगितलं ते चूक नाही. आतून कडी लावली ते चूक. दोघं एकमेकांच्या चोरून वागतात, ही तर सगळ्यात मोठी चूक, कारण त्या फटीतूनच पोरगं सुटतं. हे माझं मत आहे. मी डॉक्टर नाही.

बाबांच्या नावानं दहा गोष्टींचा जो संदेश सांगितला जातो, तो कधी भिंतीवर लावलेला दिसला तर थांबून वाचा. भुकेल्याला, तहानलेल्याला, उघड्याला, बेघराला काय द्यायचं ते त्यात आहे. रोग्याला औषध आहे, बेकाराला काम आहे, दुःखी आणि निराश माणसाला हिंमत द्यायला सांगितलंय. ज्याचा बाप दारूनं मेला, त्या माणसाच्या यादीत दारुड्याला शिक्षा करा असं कुठंही नाही. झिंगराजींना हवं होतं ते मात्र यातलं बरंच काही आहे.

पोलीस ठाण्यातलं कीर्तन

मुंबई राज्यात १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा आला. म्हणजे ज्या दारूविरुद्ध बाबा आयुष्यभर बोलले, तिच्याविरुद्ध आता पोलीस उभे होते. तरी बाबा फिरायचे थांबले नाहीत. कायदा झाला म्हणून कीर्तन संपलं असं त्यांना वाटलं नसावं. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झालं, वसतिगृहं आणि आश्रमशाळा वाढत गेल्या. १९५४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाडला बाबांच्या नावानं कॉलेज काढलं, शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाच्या नावानं.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत बांद्रा पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचं कीर्तन झालं. हे त्यांचं शेवटचं मोठं कीर्तन मानतात आणि त्याचं रेकॉर्डिंग आजही ऐकता येतं. नक्की ऐका. आवाज थकलाय, पण प्रश्न विचारणं थांबलेलं नाही. समोर माणसं हसतायत, उत्तरं देतायत. ज्या जागी दारू प्यायलेल्यांना धरून आणायचे, तिथं ऐंशी वर्षांचा एक म्हातारा उभा राहून लोकांशी गप्पा मारल्यासारखं बोलतोय.

पुढच्या महिन्यात, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बाबांची तब्येत आधीच ढासळली होती. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडं जात असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच त्यांनी प्राण सोडला.

माझा पुतळा उभारू नका, समाधी बांधू नका, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणतात. अमरावतीत त्यांची समाधी आहे, आणि आजूबाजूच्या वस्तीचं नाव गाडगेनगर आहे. नाशकात गोदावरीवरच्या एका पुलाला त्यांचं नाव आहे. पावसाळ्यात नदीला पूर आला की पाणी कुठपर्यंत चढलं ते आम्ही नाशिककर त्या पुलावर जाऊन बघतो.